तबकड्यांची भाऊबंदकी

सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे. या चार तबकड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर चार सख्ख्या बहिणी वाटाव्यात. प्रत्येकीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटरचं. चकाकीही तीच. पण व्हीसीडीच्या जुन्या प्लेअरमध्ये डीव्हीडी सारली, की तो ‘नो डिस्क’ असे दोन शब्द दाखवतो आणि गप्प बसतो. त्याच्या लेखी आत काही घातलेलंच नसतं.

मी भातकुलीचा. १९८८ पासून इथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, “भाऊ, सीडीही चांगली, प्लेअरही चांगला, मंग लागत काऊन नाही?” याचं खरं उत्तर स्क्रू-ड्रायव्हरनं देता येत नाही. त्यासाठी जपान-अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची भाऊबंदकी सांगावी लागते. भांडण तिकडे झालं आणि त्याचे परिणाम आमच्या घराघरांतल्या लोखंडी कपाटांत पडून राहिले. आज तेच सांगायचं आहे.

आधी ‘मानक’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे दिव्याचा बल्ब कुठल्याही दुकानातून आणा, घरच्या होल्डरमध्ये दोन खिट्ट्यांवर बसतो. बल्ब कुणी बनवला आणि होल्डर कुणी, याची चौकशी करावी लागत नाही, कारण मापं आधीच ठरलेली आहेत. हे ठरलेलं माप म्हणजे मानक. चित्र आणि आवाज साठवायच्या बाबतीतही असं माप लागतं, फक्त ते फार बारीक असतं आणि ज्याचं माप सगळे स्वीकारतील त्याला प्रत्येक यंत्रामागे आणि प्रत्येक तबकडीमागे पेटंटचे पैसे मिळत राहतात. म्हणून भांडण. गुणवत्तेची चर्चा वरवरची असते, आत हिशेब असतो, असं माझं तरी मत आहे.

पहिली मोठी लढाई कॅसेटची. सोनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स काढलं, जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटाचं चित्र किंचित सरस, असं जाणकार म्हणत. पण सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर एकच तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. एका तासात सिनेमा संपत नाही, इतकी साधी गोष्ट. शिवाय जेव्हीसीनं आपलं माप इतर कंपन्यांना हात आखडता न घेता वापरू दिलं. १९८८ मध्ये खुद्द सोनीलाच व्हीएचएसची यंत्रं काढावी लागली. बीटाची शेवटची यंत्रं २००२ मध्ये बनली आणि कॅसेटची विक्री मार्च २०१६ मध्ये थांबली. गंमत अशी की, व्हीएचएसचे नवे व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनंही त्याच वर्षी जुलैत हात टेकले. हरलेला आणि जिंकलेला चार महिन्यांच्या अंतरानं गेले.

आमच्या भागात व्हीसीआर विकत घेणारे थोडे आणि भाड्यानं आणणारे फार. गणपतीत, नवरात्रात अमरावतीहून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्यानं यायच्या. चौकात पोती अंथरली जायची. पहिला धार्मिक, दुसरा मारामारीचा आणि तिसरा कोणता होता हे कुणालाच आठवत नसे, कारण तोवर निम्मा गाव झोपलेला. याच काळात लग्नाची ‘व्हिडिओ शूटिंग’ सुरू झाली. फोटोग्राफर खांद्यावर मोठा कॅमेरा आणि मागे दिवा धरणारा पोऱ्या घेऊन येऊ लागला. मंगलाष्टकं, सासरी निघताना रडणारी मुलगी आणि पंगतीत वाढणारे काका पहिल्यांदाच कॅसेटमध्ये बंद झाले.

मग तबकडी आली. ती कशी चालते, हे मी गिऱ्हाइकांना कपाशीच्या शेतावरून समजावतो, तसंच इथेही सांगतो. तबकडीवर आतून सुरू होऊन बाहेर जाणारं एकच एक लांब तास असतं, गोगलगाईच्या शंखासारखं गोल गोल फिरत गेलेलं. त्या तासात बारीक खड्डे असतात. खालून लेसरचा किरण पडतो. सपाट जागेवरून तो नीट परततो, खड्ड्यावरून क्षीण होऊन परततो. या कमी-जास्त उजेडातून शून्य आणि एक असे आकडे निघतात आणि त्या आकड्यांतून चित्र. सीडीवर दोन तासांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे एका केसाच्या रुंदीत सीडीची चाळीसेक तासं बसतात. हे सगळं तास उलगडून सरळ केलं तर ५ किलोमीटरहून जास्त भरतं.

आता तेवढ्याच धुऱ्याच्या आत जास्त पीक घ्यायचं तर तासं जवळ आणावी लागतात. पण तासं जवळ आणली की डवऱ्याची पासही अरुंद लागते, नाहीतर तणासोबत झाडही उपटतं. (डवरा म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातलं कोळपं.) इथे पास म्हणजे लेसरचा ठिपका. तो किती बारीक होईल हे प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असतं. सीडी आणि व्हीसीडीचा लेसर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. त्यामुळे डीव्हीडीतली तासं ०.७४ मायक्रॉनवर आली आणि एकूण लांबी १२ किलोमीटरच्या जवळ गेली. ब्लू-रेचा लेसर निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. तासांतलं अंतर ०.३२ मायक्रॉन, लांबी सुमारे २७ किलोमीटर. भातकुलीहून अमरावतीला जाऊन परत यायच्या रस्त्यापेक्षा थोडी कमी, आणि तीही तळहाताएवढ्या तबकडीत. जुना व्हीसीडी प्लेअर डीव्हीडीला ‘नो डिस्क’ का म्हणतो, ते यावरून लक्षात येईल. त्याची पास रुंद, त्याला ती तासं दिसतच नाहीत.

व्हीसीडीचं माप १९९३ मध्ये ठरलं. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चौघांनी मिळून ते ठरवलं आणि त्यात भांडण झालं नाही, कदाचित त्यातून फार मोठी कमाई होईल असं कुणालाच वाटलं नसावं म्हणून. तबकडी गाण्याच्या सीडीचीच, फक्त तिच्यात चित्र दाबून भरलेलं. ७४ मिनिटं मावत. चित्रातले ठिपके रुंदीला ३५२ आणि उंचीला २८८, म्हणजे साधारण व्हीएचएसच्याच तोडीचं. अमेरिकेनं व्हीसीडीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिथे घरोघरी व्हीसीआर होते आणि त्यावर टीव्हीवरचा कार्यक्रम भरून घेता येई; व्हीसीडी प्लेअरला ते जमत नव्हतं. पण चीन, आग्नेय आशिया आणि भारत इथे व्हीसीआर मुळातच कमी. शिवाय दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी धरते, तबकडीला तशी धरत नाही. यंत्रात फिरणारा भाग एकच, रबरी पट्टे थोडे, त्यामुळे प्लेअर स्वस्त. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे व्हीसीडीला कुलूप नव्हतं. जो कुणी तबकडी बनवेल, ती जगातल्या कुठल्याही व्हीसीडी प्लेअरवर चाले.

या कुलूप नसण्याचा पहिला फायदा चोरट्यांनी घेतला, हे खरं. सिनेमा शुक्रवारी लागे आणि पुढच्या आठवड्यात त्याची डळमळती नक्कल बाजाराच्या दिवशी गाड्यावर दिसे. पण दुसराही एक फायदा झाला, त्याचं उदाहरण मालेगावचं आहे. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी स्थानिक माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे तिथे आणि खानदेशात अशा चित्रपटांचा नि विनोदी फितींचा मोठा धंदा उभा राहिला. हा माल व्हीसीडीवरून गावोगाव गेला. २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळलं. मोठ्या कंपनीच्या परवान्याशिवाय, सिनेमागृहाशिवाय एका गावाला आपला सिनेमा घरोघर पोचवता आला, तो या साध्यासुध्या आणि उघड्या मापामुळे. आमच्याकडेही खंजिरी भजनांच्या, कीर्तनांच्या, सप्ताहाच्या व्हीसीडी निघाल्या, त्या याच वाटेनं.

डीव्हीडीची गोष्ट मात्र वेगळी. इथे भाऊबंदकी होता होता राहिली. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९९४ मध्ये मागणी ठेवली की अख्खा सिनेमा, म्हणजे सव्वादोन तास, एका बाजूवर मावला पाहिजे आणि चित्र उत्तम हवं. त्यावर दोन तट पडले. एका बाजूला सीडीचे जनक सोनी आणि फिलिप्स, त्यांची तबकडी ३.७ गिगाबाइटची. दुसऱ्या बाजूला तोशिबा, मात्सुशिता, हिताची, पायोनिअर, टाइम वॉर्नर वगैरे मंडळी. त्यांनी ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ तबकड्या पाठीला पाठ चिकटवून एक केली होती आणि एका बाजूवर ५ गिगाबाइट बसवले होते. १९९५ उजाडेपर्यंत दोन्ही तट आपापल्या तबकड्या मिरवू लागले होते. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा बीटा आणि व्हीएचएस.

पण या वेळी पंच भेटले. आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एचपी, कॉम्पॅक, फुजित्सु, सन अशा संगणक कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला संगणकात घालायला एकच तबकडी हवी, दोन आणाल तर एकही घेणार नाही. या गटाचं काम आयबीएमचे ॲलन बेल पाहत होते. गिऱ्हाईकच संघटित झालं की दुकानदाराचा आवाज कसा खाली येतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आमच्या कापूस उत्पादकांनाही ते ऐकवायला हवं, पण तो विषय वेगळा. सप्टेंबर १९९५ मध्ये समेट जाहीर झाला. पातळ तबकड्यांची जोडी तोशिबाच्या तटाची घेतली. आकडे खड्ड्यांत मांडण्याची रीत सोनी-फिलिप्सकडची, फिलिप्सचे डच अभियंते केस इमिंक यांनी बसवलेली. ती रीत ओरखडे आणि चुका जास्त सोसणारी होती, पण जागा थोडी जास्त खाई, म्हणून ५ गिगाबाइटचे ४.७ झाले. लग्नाच्या डीव्हीडीवर ‘४.७ जीबी’ असं छापलेलं असतं ना, तो विचित्र आकडा या तडजोडीतून आला आहे.

नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले डीव्हीडी प्लेअर विकायला आले. ठिपके रुंदीला ७२० आणि उंचीला ५७६, व्हीसीडीच्या चौपट. समेट झाला तरी भाऊ एका ताटात जेवायला लागले असं नाही. पेटंटचे पैसे गोळा करायला दोन वेगळ्या टोळ्या राहिल्या. एका टोळीत फिलिप्स, सोनी, पायोनिअर. दुसऱ्या टोळीत तोशिबाकडचे सहा. प्लेअर बनवणाऱ्याला दोघांकडे पैसे भरावे लागत. जगातले बहुतेक प्लेअर चीनमध्ये बनू लागले होते, त्यांना हे फार जाचलं आणि २००३ मध्ये चीननं ईव्हीडी नावाची स्वतःची तबकडीच जाहीर केली. ती चालली नाही.

डीव्हीडीला कुलपंही होती. जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. अमेरिकेत नोकरीला असलेल्या इथल्या एका मुलानं पुतण्यांसाठी कार्टूनच्या डीव्हीडी आणल्या. घरच्या प्लेअरनं सांगितलं, विभाग चुकीचा. मुलं रडवेली होऊन दुकानात आली. रिमोटवरून काही आकडे दाबून स्वस्तातल्या प्लेअरचं हे कुलूप निघायचं, तसं ते निघालं. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू घर बदललं म्हणून बंद पडावी, हे त्या मुलांच्या आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही नाही.

आपल्याकडे डीव्हीडी खऱ्या अर्थानं पसरली ती किमतीमुळे. त्याआधी आमच्या भागात अस्सल तबकडी शंभराच्या आत क्वचितच मिळे. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेली मोझर बेअर ही कंपनी कोऱ्या तबकड्या बनवण्यात जगातल्या मोठ्यांपैकी एक झाली होती. तिनं २००६-०७ च्या सुमारास सिनेमांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. नक्कल आणि अस्सल यांच्यात पाच-दहा रुपयांचा फरक उरला. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, पुस्तकांच्या टपरीवर त्या तबकड्या लटकू लागल्या. व्हीसीडी आणि डीव्हीडी यांच्यातलं भांडण त्या सहा रुपयांनी मिटवलं. तीन तबकड्या बदलत पाहायचा सिनेमा एका तबकडीत मिळतो म्हटल्यावर सहा रुपये कोण पाहतो? तीच कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. माल उत्तम असून उपयोग नव्हता, गिऱ्हाईकच तबकडी सोडून गेलं होतं.

आता निळ्या लेसरची लढाई. निळ्या प्रकाशाचा अर्धवाहक बनवणं फार अवघड होतं. जपानच्या निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात ते साधलं. त्यांना आणि आणखी दोघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ मध्ये नोबेल मिळालं. लेसर हाती येताच पुन्हा दोन तट. फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आदी नऊ कंपन्यांनी ब्लू-रे जाहीर केली. तोशिबा आणि एनईसी यांनी आपली वेगळी तबकडी पुढे केली, तिचं नाव एचडी डीव्हीडी.

दोघींच्या रचनेत मूळ फरक खोलीचा. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. म्हणजे कारखान्यांची जुनी यंत्रं थोडीफार बदलून चालत. पण एका थरात मावत फक्त १५ गिगाबाइट. ब्लू-रेत तो थर ०.१ मिलिमीटरवर, अगदी कातडीखाली. त्यामुळे लेसर जास्त बारीक करता आला आणि २५ गिगाबाइट बसले, पण नखाचा ओरखडाही थेट पिकावर जाणार. म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे तबकड्या डबीत बंद असत. पुढे टणक लेप सापडला आणि डबी गेली.

२००५ मध्ये समेटाची बोलणी झाली आणि फिसकटली. या वेळी पंच नव्हते. संगणक कंपन्याच दोन्हीकडे विभागल्या होत्या, स्टुडिओही विभागले होते. २००६ मध्ये दोन्ही तबकड्या बाजारात आल्या. एचडी डीव्हीडीचा प्लेअर ४९९ डॉलरला, ब्लू-रेचा ९९९ ला. दुप्पट भाव असून ब्लू-रे टिकली, कारण सोनीनं ती आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रात घालून लाखो घरांत नेऊन ठेवली. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओ एचडी डीव्हीडीकडे गेला तेव्हा पारडं हललं. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं जाहीर केलं की आपण फक्त ब्लू-रे काढणार, तेव्हा ते कोसळलं. वॉलमार्टसारख्या दुकानांनी पाठ फिरवली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं माघार जाहीर केली. वॉर्नरच्या घोषणेपासून ४६ दिवस. ज्यांनी आदल्या दिवाळी-नाताळात हौसेनं एचडी डीव्हीडीचे प्लेअर घेतले होते, त्यांच्यासाठी नवा सिनेमा यायचा बंद झाला.

ही लढाई चालू असताना भातकुलीत भारनियमनाचे तास मोजणं चालू होतं. घरात काचेच्या नळीचा टीव्ही. त्यावर ब्लू-रे लावली काय आणि डीव्हीडी लावली काय, डोळ्यांना फरक दिसला नसता. दुकानात आजवर एकही ब्लू-रे प्लेअर दुरुस्तीला आलेला मला आठवत नाही. आमच्याकडे डीव्हीडीला हरवलं ते प्लेअरच्याच तोंडावर बसवलेल्या एका चौकोनी फटीनं, यूएसबीनं. पेनड्राइव्हमध्ये वीस सिनेमे मावू लागले, मग मोबाईलचं मेमरी कार्ड आलं, २०१६ नंतर स्वस्त डेटा आला. जिंकलेल्या ब्लू-रेचीही उतरण आता पुष्कळ झाली आहे. सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर थांबवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनं कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं बंद केलं.

सिनेमाचं ठीक आहे. तो कुणीतरी सांभाळतो, नव्या मापात पुन्हा काढतो. घरच्या तबकड्यांचं तसं नाही आणि माझी काळजी तिथे आहे. कारखान्यातली तबकडी साच्यात दाबून बनते, तिच्यातले खड्डे खरे असतात. स्टुडिओनं राइट करून दिलेल्या लग्नाच्या सीडी-डीव्हीडीत खड्डे नसतातच. तिथे रंगाचा एक थर असतो आणि लेसरनं तो जागोजागी जाळलेला असतो. तबकडी उलटी करून पाहा. साफ रुपेरी असेल तर कारखान्याची. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल तर राइट केलेली. हा रंग उन्हानं, उष्णतेनं आणि दमटपणानं फिका पडत जातो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि टिनाखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. वरून नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर चिकटवलेलं, ते एका बाजूनं सुटतं आणि तबकडीचा तोल बिघडवतं. वरच्या बाजूचा ओरखडा तर खालच्यापेक्षा वाईट, कारण सीडीत रुपेरी थर वरच्या लेपाखालीच असतो. खालचा ओरखडा घासून पुसता येतो, वरचा गेला तो गेला.

मागच्या पावसाळ्यात खोलापूरकडच्या एक मावशी पिशवी घेऊन आल्या.

“भाऊ, याच्यात माह्या बाबाचं भजन हाय. जावयानं सीडी करून देल्ली होती, थे आता लागत नाही.”

पिशवीत एक व्हीसीडी आणि एक डीव्हीडी. वडील खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजनं म्हणत, १९९० च्या दशकात कुणीतरी गावच्या कार्यक्रमात ते टिपलं होतं. डीव्हीडीचा रंग उडालेला, संगणकही ती ओळखेना. व्हीसीडी अडखळत लागली, पण निम्म्यावर बंद पडली.

“मावशी, मूळ कॅसेट हाय का घरी?”

“हाय ना, पेटीत हाय. पन थे कोनाच्या घरी चालते आता?”

पुढच्या बाजाराला त्या कॅसेट घेऊन आल्या. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. ती उघडून आठवडाभर कोरडी केली, मऊ कापडानं हळूहळू पुसली. माझ्याकडे दोन जुने व्हीसीआर जपून ठेवलेले आहेत. त्यांचे रबरी पट्टे भंगारातल्या यंत्रांतून काढलेले. त्यातल्या एकावर कॅसेट लावली आणि पेटीतल्या त्या सर्वांत जुन्या वस्तूनं सगळ्यांत चांगलं चित्र दिलं. याचं कारण सरळ आहे. व्हीसीडी करताना चित्र दाबून बसवलं, तेव्हा बारीकसारीक तपशील गळले. पुढे डीव्हीडी केली ती कॅसेटवरून न करता व्हीसीडीवरून, म्हणजे गळलेल्यावरूनच. तबकडी चौपट क्षमतेची, पण आत व्हीसीडीचंच चित्र. एकेका नव्या मापात उडी मारताना दरवेळी थोडं सांडलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दरवेळी ‘नवीन म्हणजे चांगलं’ अशीच समजूत.

तेव्हा घरच्या पेटीत असं काही असेल तर आधी मूळ वस्तू शोधा. कॅसेट असेल तर ती टाकू नका, तबकडी झाली म्हणून तर मुळीच नको. तबकडी असेल तर ती संगणकात घालून फाईल जशीच्या तशी उतरवून घ्या. व्हीसीडीत ती ‘डॅट’ नावाची असते, डीव्हीडीत ‘व्हीओबी’. ती पुन्हा दाबून लहान करू नका, आता जागा स्वस्त आहे. अडखळणारी तबकडी एका ड्राइव्हमध्ये लागली नाही तर दुसऱ्यात लावून पाहा, लेसरगणिक नजर वेगळी असते. टूथपेस्टनं घासायचा प्रयोग अगदी शेवटचा. उतरवलेल्या फाईलच्या दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा.

मावशींना मी दोन पेनड्राइव्ह भरून दिले, एक त्यांना आणि एक दर्यापूरच्या भावाला. कॅसेट परत देताना त्यांनी विचारलं, आता ही ठेवायची का. ठेवा म्हटलं, पण पेटीत कापूर नको आणि भिंतीला टेकवून नको, उभी ठेवा. दुकानातच टीव्हीला पेनड्राइव्ह लावून त्यांनी पहिलं भजन पूर्ण ऐकलं. खंजिरी थांबल्यावर फितीत एक पोरगी पळत येऊन म्हाताऱ्याच्या मांडीवर बसते. ती कोण, असं मी विचारलं. “थे माही पोरगी होय,” त्या म्हणाल्या, “आता अकोल्याले मास्तरीन हाय.”